वृद्धांची सेवा : दर्जाचा प्रश्न



अलीकडे घरभेटीला गेलो की एक प्रश्न हमखास कानावर येतो : "फादर, मिशनने एखादा वृद्धाश्रम का काढू नये?" विचारणारे बहुधा चाळिशी-पन्नाशीतले असतात. मुलगा पुण्याला कंपनीत, सून तिकडेच, मुलगी लग्न होऊन दूर गेलेली, शेत मक्त्याने दिलेले आणि रिसोड किंवा मानोऱ्याकडच्या एखाद्या गावात घरी म्हातारी एकटी. शेजारीण सकाळी डोकावून जाते, दुपारी कुणी भाकर देऊन जाते, आणि रात्र मात्र तिची तिलाच काढावी लागते. प्रश्न प्रामाणिक आहे. विचारणाऱ्याच्या मनाला टोचणी आहे म्हणूनच तो विचारतो.

आमचे उत्तर आज तरी 'नाही' असे आहे. ते का, हे सांगण्यासाठी हा लेख.

इमारत बांधणे फारसे कठीण नसते. देणगीदार मिळतात, भिंतीवर नावांची पाटी लागते, उद्घाटनाला पाहुणे येतात. कठीण असते ती रात्रीची पाळी. दोन वाजता उठून अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलणारे, ओले झालेले कपडे तोंड वाकडे न करता बदलणारे हात रोज, वर्षानुवर्षे कुठून आणायचे, हे ठरल्याशिवाय वृद्धाश्रमाचा नारळ फोडू नये. सेवा 'आहे' एवढ्याने भागत नाही. ती कशी आहे, हे पाहावे लागते.

ही गोष्ट ख्रिस्तसभेला पहिल्या काही वर्षांतच शिकावी लागली. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सहावा अध्याय काढून वाचा. यरुशलेमेतल्या पहिल्या ख्रिस्ती समाजात विधवांना रोज अन्न वाटले जात असे. म्हणजे सेवा होती, व्यवस्थाही होती. तरी कुरकुर सुरू झाली. ग्रीक बोलणाऱ्या लोकांची तक्रार अशी की आमच्या विधवांकडे वाटपात दुर्लक्ष होते. प्रेषितांनी त्यावर काय केले ते पाहण्यासारखे आहे. "फुकट मिळते त्यात आणखी कटकट कशाला?" असे ते म्हणाले नाहीत. त्यांनी सगळ्यांना एकत्र बोलावले, तक्रार मान्य केली आणि या कामासाठी सात माणसे नेमायला सांगितली. नावलौकिकाची, आत्म्याने आणि शहाणपणाने भरलेली माणसे हवीत, अशी अट घातली. ताटे वाढण्याच्या कामासाठी ही अट! स्तेफन, फिलिप आणि इतर पाच, या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या त्यांच्यातूनच माणसे निवडली गेली असावीत, असे अभ्यासक म्हणतात. शेवटी प्रेषितांनी त्यांच्यावर हात ठेवून प्रार्थना केली. म्हाताऱ्या बायांच्या जेवणाची व्यवस्था नीट व्हावी म्हणून झालेला हा विधी आहे. ज्या स्तेफनला आपण पहिला हुतात्मा म्हणून ओळखतो, त्याची पहिली नेमणूक या कामावर झाली होती.

आता दुसरे वचन, थोडे अधिक झोंबणारे. मार्ककृत शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायात प्रभू येशू परुश्यांना 'कुर्बान'वरून सुनावतो. आईबापांना ज्याचा उपयोग व्हायचा ती वस्तू देवाला अर्पण केली, असे म्हणून माणूस त्यांच्या जबाबदारीतून सुटत असे. देवाच्या नावाने आईबापांच्या तोंडचा घास काढण्याचीच ही युक्ती होती. आपल्याकडे कुर्बान हा शब्द कुणी वापरत नाही, पण युक्ती ओळखीची आहे. सणाच्या वर्गणीत पाच हजार रुपये देणाऱ्या घरातल्या आजीच्या चष्म्याची काडी सहा महिने दोऱ्याने बांधलेली असेल, तर ते पाच हजार आधी चष्म्याकडे वळवावेत असे आम्ही स्पष्ट सांगू. चर्चच्या रंगरंगोटीला एक वर्ष उशीर झाला तर चालेल.

फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांतात 1792 साली जन्मलेल्या संत जान जुगां हिची गोष्ट या विषयात शिकवणारी आहे. कोळ्याच्या घरातली ही गरीब मुलगी मोलकरणीचे काम करून पोट भरत असे. 1839 च्या हिवाळ्यात, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, तिने एका आंधळ्या आणि अर्धे अंग लुळे पडलेल्या म्हातारीला आपल्या खोलीत आणले आणि स्वतःचा बिछाना तिला दिला. मग आणखी एक आली, मग आणखी. त्यातून 'लिटिल सिस्टर्स ऑफ द पुअर' हा संघ उभा राहिला. त्या म्हाताऱ्यांपैकी काही जणी पूर्वी दारोदार भीक मागत असत. जान जुगांने त्यांची टोपली स्वतःच्या हातात घेतली आणि त्यांच्या जागी स्वतः दारोदार जाऊ लागली. त्यांना नुसते जेवण मिळावे एवढ्यावर ती थांबली नाही, मागण्याची लाजही तिने त्यांच्यावरून उतरवून स्वतःवर घेतली. सेवेचा दर्जा म्हणतात तो हाच.

पुढे तिच्याच संघात तिला प्रमुखपदावरून दूर करण्यात आले. शेवटची अनेक वर्षे ती एका मठात साधी भगिनी म्हणून राहिली आणि नव्याने आलेल्या कित्येक भगिनींना, हीच आपली संस्थापिका, हे ठाऊकही नव्हते. 1879 साली ती वारली. पोप महोदय बेनेडिक्ट सोळावे यांनी 11 ऑक्टोबर 2009 रोजी तिला संतपद जाहीर केले. कुष्ठरोग्यांचे सेवक फादर डेमियन यांनाही त्याच दिवशी संतपद मिळाले. या भगिनी 1882 मध्ये कोलकात्यात आल्या. मुंबईत अंधेरीलाही त्यांचे वृद्धांचे घर आहे. ठरलेले उत्पन्न न ठेवता लोकांच्या दानावर चालायचे, ही त्यांची रीत.

इतक्या जुन्या गोष्टीने पटत नसेल तर अगदी अलीकडची घ्या. ऑस्ट्रेलिया हा श्रीमंत देश. वृद्धांसाठी तिथे पुष्कळ निवासी संस्था आहेत, सरकारचा पैसा आहे, नियम आहेत. तरीही तक्रारी एवढ्या वाढल्या की 2018 साली तिथे वृद्धसेवेच्या दर्जाची आणि सुरक्षिततेची चौकशी करण्यासाठी शाही आयोग नेमावा लागला. आयोगाने 2019 साली अंतरिम अहवाल दिला आणि त्याला एकच शब्द नाव म्हणून दिला : दुर्लक्ष. अंतिम अहवाल मार्च 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. लोकांनी सांगितलेल्या गोष्टींत बेचव आणि अपुरे जेवण होते, वेळेवर न बदललेली अंथरुणे होती, चिघळलेल्या जखमा होत्या, गप्प राहावे म्हणून दिलेली गुंगीची औषधे होती. त्यानंतर तिथे नियम झाला की प्रत्येक निवासी वृद्धाला दिवसाला सरासरी 200 मिनिटे सेवा मिळाली पाहिजे. ऑक्टोबर 2023 पासून तो लागू झाला आणि वर्षभराने ही मिनिटे 215 करण्यात आली. पात्र परिचारिका चोवीस तास हजर असावी, हाही नियम झाला.

मिनिटे मोजणे काहींना कोरडे वाटेल. आम्हाला ते फार उपयोगी वाटते. आपल्या घरातल्या वृद्ध माणसाला दिवसाकाठी किती मिनिटे मिळतात, हे एकदा मोजून पाहा. ताट ठेवून जाणे म्हणजे अर्धे मिनिट. गोळी हातावर देणे, तेवढेच. "जेवलात का?" असे दारातून विचारणे तर त्याहून कमी. त्यांच्याजवळ बसणे मोजायला घेतले की आकडा खाली येतो.

आता जरा शरीराकडे येऊ. धर्मगुरूने पाठीच्या जखमांवर लिहावे, याचे कुणाला नवल वाटू नये. आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्याला हे दिसतेच. जो माणूस स्वतः कूस बदलू शकत नाही त्याची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाड, टाचा आणि कंबर यांच्यावर दाब पडून कातडी मरते. आधी नुसती लाल दिसते, तेव्हाच धावायचे असते. खड्डा पडल्यावर महिनोन्महिने बरा होत नाही. पावडर लावून तो जात नाही. जेवण भरवताना माणसाला बसते करावे आणि जेवल्यावर अर्धा तास तसेच ठेवावे. आडवे ठेवून भरवले तर घास श्वासनलिकेत जातो आणि पुढे न्यूमोनिया होतो. दात नसलेल्यासाठी भाकर वरणात किंवा दुधात कुस्करून द्यावी, ताकातल्या कण्या शिजवाव्यात. आपल्या वऱ्हाडातल्या जुन्या बायांना हे कुणी शिकवावे लागत नव्हते.

पाण्याचे तर विशेष सांगायचे आहे. वय वाढते तशी तहान लागल्याची जाणीव कमी होते. शरीराला पाणी हवे असते, पण माणूस मागत नाही. त्यात रात्री उठावे लागू नये म्हणून कित्येक आजी मुद्दाम पाणी कमी पितात. वैशाखात आपल्या जिल्ह्यात टिनाच्या छपराखाली काय तापते ते आपल्याला ठाऊक आहे. म्हणून "पाणी हवे का?" असे विचारत बसू नका, पेला हातात द्या आणि पिऊन होईपर्यंत थांबा. परवापर्यंत नीट बोलणारे आजोबा अचानक असंबद्ध बोलू लागले, रात्रभर ओरडू लागले, तर ते वेड नसते आणि बाहेरचे काही तर मुळीच नसते. अंगात पाणी कमी झाले, लघवीचा जंतुसंसर्ग झाला, रक्तातली साखर उतरली, एखादे औषध बाधले, अशी कारणे असतात आणि बरीचशी बरी होतात. भगताकडे नेण्यात दोन दिवस घालवू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

वृद्धांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम 2010-11 साली सुरू झाला, तेव्हा सुरुवातीला निवडलेल्या जिल्ह्यांच्या यादीत आपल्या वाशीमचे नाव होते. या कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयात वृद्धांसाठी दहा खाटांचा कक्ष आणि वेगळी तपासणी, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांची तपासणी, आणि अंथरुणावरच्या माणसांसाठी उपकेंद्राच्या परिचारिकेने घरी भेट देणे, अशी तरतूद आहे. आपल्या गावात यातले काय मिळते हे विचारायला आरोग्य केंद्रात जायचे कुणी? आमचे म्हणणे असे की हे काम आपल्या तरुण मंडळाने घ्यावे. चार पोरांनी गाडीवर जाऊन एकदा वार आणि वेळ विचारून यावी आणि फळ्यावर लिहावी. कॅरम स्पर्धा नंतरही घेता येईल.

श्रावणबाळ योजनेचेही तसेच. 65 वर्षांवरच्या निराधार वृद्धांना या योजनेत मिळणारे मासिक हजार रुपये 2023 साली पंधराशे झाले. पण खात्याला आधार जोडलेले नाही, हयातीचा दाखला दिला नाही, म्हणून पैसे अडकतात. जन्मभर निंदण-खुरपण केलेल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्रावर ठसा उमटत नाही. मग म्हातारी तीन-तीनदा तालुक्याला खेटे घालते. सोबत एक शिकलेले पोर गेले तर तेच काम एका फेरीत होते.

इथे थोडे तत्त्वज्ञान. सेमिनरीत शिकताना एक सूत्र पाठ केले होते : असणे आधी, करणे नंतर. माणूस काहीतरी करतो म्हणून माणूस ठरत नाही, तो माणूस असतो म्हणून करू शकतो. हे सूत्र परीक्षेच्या वहीत सोपे होते. ज्या आजीला मुलाचे नाव आठवत नाही, जी एकच प्रश्न तासात वीस वेळा विचारते, तिच्यासमोर बसल्यावर त्याची कसोटी लागते. कारण बाजाराचे सूत्र उलटे आहे : कामाचा तो मोलाचा. बैल थकला की बाजार दाखवायचा. हेच गणित आपण नकळत घरात आणतो आणि म्हातारा माणूस ते फार लवकर ओळखतो. म्हणून तर तो थरथरत्या हातांनी लसूण सोलायला मागतो, तुरीच्या शेंगा निवडायला मागतो. आपण अजून उपयोगी आहोत, एवढे त्याला दाखवायचे असते. ते काम त्याच्याकडून काढून घेऊ नका, वेळ लागला तरी. पण ज्या दिवशी तेही जमणार नाही, त्या दिवशी त्याचे मोल घटत नाही. बेनसिराच्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात मुलाला नेमके हेच बजावले आहे : बापाची बुद्धी चालेनाशी झाली तरी धीर धर, तू धडधाकट आहेस म्हणून त्याचा पाणउतारा करू नकोस. स्मृतिभ्रंशाचा आजार तेव्हाही होताच.

संत थोमस अक्विनास आईबापांविषयीच्या या सद्गुणावर लिहिताना म्हणतात की त्यांचे देणे बरोबरीने फेडता येत नाही. ज्यांच्यामुळे आपण आहोत त्यांना आपण परत काय देणार? त्यांना आदर आणि सेवा दोन्ही द्यायच्या. आपल्यात काही घरी सेवा चोख असते, पण बोलणे असे की घास घशाखाली उतरू नये. काही घरी पाया पडणे भरपूर आणि नखे कापायला कुणी नाही.

हे सगळे लिहिताना आम्हाला एका गोष्टीचे भान आहे. सेवा करा, असे देवळात सांगितले जाते सगळ्यांना, आणि करते मात्र घरातली एकच बाई. बहुधा सून, कधी न लग्न झालेली मुलगी. तीच सोयाबीनच्या सोंगणीला जाते, तीच स्वयंपाक करते, तीच सासूचे अंथरूण बदलते. सासूने तिला उभ्या आयुष्यात धड वागवलेले नसते, हेही कधी खरे असते. तिच्याकडून चूक झाली की पुण्याहून फोन येतो. फोन करणाऱ्या मुलांना आमची विनंती आहे : सल्ला कमी द्या आणि दर दोन-तीन महिन्यांनी आठ दिवस रजा काढून या, त्या आठ दिवसांत तिला माहेरी जाऊ द्या. थकलेल्या हातांकडून चांगल्या दर्जाची सेवा होत नसते. ऑस्ट्रेलियाच्या आयोगालाही हेच आढळले : माणसे कमी, पगार कमी, शिकवण कमी.

आणि ज्यांना वृद्धाश्रमावाचून खरोखरच इलाज नाही, त्यांच्याकडे बोट दाखवण्याचे कारण नाही. एकुलती एक मुलगी परदेशी परिचारिका आहे, तिने काय करावे? चांगली जागा शोधावी, एवढेच. मात्र शोधताना रंगवलेले फाटक आणि बाग पाहून ठरवू नये. न कळवता, जेवणाच्या वेळी जावे. ताटात काय आहे आणि भरवणारी घाई करते का, ते पाहावे. रात्री किती माणसे कामावर असतात ते विचारावे. अंथरुणावरच्यांच्या टाचा पाहू द्या म्हणावे. तिथली माणसे वृद्धांना नावाने हाक मारतात की खाटेच्या नंबराने, ते ऐकावे. लघवीचा वास दाबायला फिनेल किती ओतले आहे, हे नाकाला कळतेच. आणि कोणत्याही वेळी भेटायला येऊ देत नसतील, तर दुसरी जागा बघावी.

कायद्याचेही थोडे माहीत असावे. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा 2007 चा आहे. स्वतःचा निर्वाह करू न शकणारे आईवडील आणि 60 वर्षांवरील ज्येष्ठ नागरिक उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करू शकतात. नव्वद दिवसांत, अपवाद म्हणून आणखी तीस दिवसांत, निकाल लागावा आणि दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मिळावा, अशी त्यात तरतूद आहे. वृद्धाला मुद्दाम टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. शेत किंवा घर मुलाच्या नावे करताना मात्र एक काळजी घ्या. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, अट न पाळल्यास, न्यायाधिकरण रद्द करू शकते. पण ती अट होती हे दाखवावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 साली एका निकालात म्हटले. म्हणून बक्षीसपत्रात सांभाळण्याची अट लिहूनच घ्यावी. मुलाचा राग येईल म्हणून ती गाळू नका. 14567 हा ज्येष्ठांसाठीचा मदतीचा फोन आहे, त्याला पैसे पडत नाहीत. पण आईने मुलाविरुद्ध कागद करावा लागणे हे दुःखच आहे. तिथवर पोचण्याआधी आमच्याकडे या, दोन्ही बाजूंना बसवून बोलू.

शेवटी संस्कारांविषयी, कारण इथेही समज चुकीचे आहेत. रुग्णाभ्यंगाचे तेल घेऊन धर्मगुरू दारात आला की घरचे घाबरतात, जणू निरोपच आला. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने 1963 सालीच सांगितले की हा संस्कार केवळ मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही. वयाने फार थकलेल्या माणसाला, मोठा आजार नसला तरी, तो घेता येतो. म्हणून आजोबा शुद्धीवर असताना, बोलू-ऐकू शकत असताना बोलवा. दुसरे, राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला उपवास करण्याचे बंधन साठाव्या वर्षात पाऊल टाकले की संपते. साखरेचा आजार असलेल्या आजींनी हट्टाने उपाशी राहून चक्कर येऊन पडू नये. देवाला तसले काही नको आहे.

घरी ख्रिस्तप्रसाद हवा असलेल्या वृद्धांची नावे मिस्सेनंतर द्या, वारी लावून घेऊ. येऊ तेव्हा उशाशी एक स्वच्छ कापड, मेणबत्ती आणि पेलाभर पाणी असावे. प्रसादाआधी तासभर काही न खाण्याचा नियम वृद्धांना आणि आजाऱ्यांना लागू नाही, आणि त्यांची सेवा करणाऱ्यांनाही नाही. तेव्हा सासूला भरवता भरवता स्वतः दोन घास खाल्ले म्हणून कुणी सून दाराआड उभी राहू नये. तिनेही पुढे यावे.